उजवा कौल

“आणि सोबत कोण राहणार?”

तिसऱ्या घरातही हाच प्रश्न आला. घरमालक पायरीवर उभे होते, मी आणि दादा खाली अंगणात. खोली दाखवायच्या आधीच त्यांना माझं मनुष्यबळ मोजायचं होतं.

“आई,” मी म्हटलं. “मी आणि आई.”

“पुरुषमाणूस?”

मी दादाकडे पाहिलं. तो चपलेच्या टोकाने अंगणातली वाळू उकरत होता. ‘मी येऊन-जाऊन असेन’ एवढं एक वाक्य तो बोलेल म्हणून मी थांबले. खोटं बोलला असता तरी चाललं असतं.

“माझं गावाला दुकान आहे,” दादा म्हणाला. “मला काही जमायचं नाही.”

“मग कठीण आहे हो. आमच्या घरात पोरीबाळी आहेत.”

म्हणजे माझ्यापासून यांच्या पोरीबाळी सांभाळायच्या होत्या. मी तिशी ओलांडलेली, डोक्याला खोबरेल चोपडलेली, खांद्याला पिशवी आणि पिशवीत आमसुलांची पुडी. मला हसू यायला हवं होतं, पण दोन घरं आधीच झाली होती आणि चपलेचा अंगठा तुटला होता. दादाने मात्र मान डोलावली आणि मालकांना नमस्कार करून तो निघालाही. नकार पचवायला त्याला जराही वेळ लागत नव्हता, हे मला त्या दिवशी विचित्र वाटलं होतं.

नोकरी अजून हातात नव्हती. नोकरीची आशा होती, आणि ती या खोलीवर अडकली होती. मालवणच्या प्रदर्शनात मी वाळवलेल्या आंबरसाची साठं विकायला ठेवली होती. कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून उभे राहिले. हे रत्नागिरीचे आगाशे. खाडीकाठी त्यांचा आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना.

“साखर किती घालता?”

“साखर कशाला? आंबा पिकलेला असला की झालं.”

“पिकलेला कसा ओळखता?”

“देठाशी वास घेऊन. बोटाने दाबायचा नाही.”

त्यांना ते पटलं असावं. छाटणीला बसणाऱ्या बायकांवर त्यांना एक जाणती बाई हवी होती. आधीचा माणूस आंबे दाबदाबून बघायचा आणि निम्मा माल डागाळायचा. पगाराचं बोलणं त्यांनी पुढे ठेवलं, अट मात्र तिथेच सांगितली. “हंगामात ट्रक कधीही येतात. आंबा कोणाची वाट बघत नाही. हाक मारली की पोचता येईल अशी जागा बघा. जागा मिळाली की मला येऊन सांगा, मग बाकीचं ठरवू.”

म्हणून आम्ही बहीण-भाऊ रत्नागिरीत दारोदार फिरत होतो. मला नुसती खोली नको होती. आईला बरोबर न्यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी पुढच्या अंगणात, आमच्या खळ्यात, पाय घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती अंथरुणाला होती. पायरी नसलेली जागा हवी, न्हाणी जवळ हवी, उजेड हवा. भाऊ असताना तिला मी का न्यायची, असं कोणी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं नसतं. वहिनी वाईट नव्हती. आजारी माणसाचा वास तिला सोसत नसे, एवढंच. पण आजारी माणसाला वास असतोच.

चौथं घर खातूकाकूंचं. कारखान्याच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. काकू अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या, तोंडाला पदर गुंडाळलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, मसाला कुटून विकायच्या.

“सोबत कोण गो?” त्यांनीही विचारलंच.

“आई. अंथरुणाला आहे.”

“बोलते?”

“बोलते. पुष्कळ बोलते.”

“मग बरं. मला बोलायला नुसत्या भिंती आहेत. ये, बघ.”

घराची मागची बाजू त्या द्यायला तयार होत्या. एक मोठी खोली, बाजूला पडवी, पडवीला लागून न्हाणी. सगळं एका पातळीवर, कुठे उंबरा नाही. खोलीची खिडकी खाडीच्या अंगाला. एक झडप अडकलेली होती, ती मी जोर लावून ढकलली तेव्हा खारा वारा आत आला. मी भिंतीपासून खिडकीपर्यंत पावलं टाकली आणि खाट कुठे बसेल ते बघितलं. उशी या बाजूला ठेवली तर आईला पडल्यापडल्या होड्या दिसणार होत्या. दोन वर्षं ती आमच्या माजघरातली एकच भिंत बघत होती.

“सोमवारपर्यंत ठेवते,” काकू म्हणाल्या. “मंगळवारी शाळेचे एक मास्तर बघायला येणार आहेत. पण मास्तर काय, सकाळी जाणार, संध्याकाळी येणार, वर्तमानपत्रात तोंड घालून बसणार. तूच ये.”

मी दादाकडे वळून म्हटलं, “झालं की रे काम!” मला नाचावंसं वाटत होतं.

“बघू,” दादा म्हणाला.

एस.टी.त तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. राजापूर गेलं तेव्हा त्याला कंठ फुटला. आमच्या दोघांत तो मालवणीच बोलायचा. “देवाक इचारूक होया.”

मी आनंदाने हो म्हटलं. आमच्या गावात रवळनाथाला विचारल्याशिवाय कोणी म्हैससुद्धा विकत घेत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना भिजवलेले फुलांचे कळे चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवापुढे प्रश्न मांडतात, आणि सगळे श्वास रोखून बघतात. उजव्या अंगाचा कळा आधी पडला तर देव राजी, डाव्या अंगाचा पडला तर नाराजी. याला कौल लावणं म्हणतात. माझ्या वडिलांचं लग्न कौलाने ठरलं, विहिरीची जागा कौलाने ठरली. माझाही विश्वास होता. आणि मी जन्मात देवाकडे फार काही मागितलं नव्हतं, तेव्हा एवढं तो देईलच, असा माझा हिशेब होता.

घरी पोचले तर आईच्या अंथरुणाला ओल होती. मी चादर बदलली, तिला पुसून घेतलं आणि पेज भरवता भरवता सगळं सांगायला बसले. खाडी सांगितली, न्हाणी सांगितली, खातूकाकू आणि त्यांच्या मिरच्या सांगितल्या.

“खिडकी आसा?” आईने विचारलं.

“आसा. पडल्यापडल्या होडये दिसतले तुका.”

“आणि माका थंय नेतलंस कशी?”

“जीपगाडी करून.”

“आडवी घालून? बाजारातल्या माशासारखी?” ती हसली. हसताना तिला खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवला. “तां घर कोणाचा म्हणालंस?”

“एका बायचा. विधवा आसा.”

“आणि भाडां कोण भरतला?”

“मी. आणखी कोण?”

“बरां,” आई म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, दमली. मी चिमणी बारीक केली.

कौलाच्या दिवशी सकाळी दादा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून तयार झाला. आमचं घर मानकऱ्यांचं, त्यामुळे देवापुढे उभं राहायचा मान त्याचा. मी नारळ आणि तांदूळ घेऊन मागोमाग निघाले. वाटेत दादा म्हणाला, “तीन गोष्टी इचारूच्यो आसत. आधी आवशीच्या तब्येतीचां, मगे दुकानाचां, शेवटाक तुझां.”

“माझां आधी इचार ना.”

“घरातलां मोठां माणूस आधी,” तो म्हणाला.

बायका गाभाऱ्यापासून लांब, सभामंडपाच्या खांबाशी थांबतात. तिथून पाषाण दिसतो, बोलणं ऐकू येत नाही. जनू गुरवाने कळे लावले. दादा वाकून काही पुटपुटला आणि मग जनूचा आवाज चढला, “बा देवा म्हाराजा...” बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणून साथ दिली. पुढचं सगळं घंटेच्या आणि कावळ्यांच्या आवाजात बुडालं. मी नजर कळ्यांवर लावून उभी.

उजवा पडला.

आईचं बरं होणार! मी हात जोडले. रत्नागिरीची हवा तिला मानवणार, असा अर्थ मी माझा मीच लावला.

दादा पुन्हा वाकला. जनूने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं, दादाने मान हलवली. पुन्हा कळे लागले. या वेळी थोडा उशीर झाला, पण पुन्हा उजवाच पडला. दुकान चालणार. चांगलंच झालं. बरकत आली की दादाचं मन मोठं होईल, आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला तरी येईल.

तिसऱ्यांदा कळे लावताना जनूचे हात हळू चालले होते. मला आठवतं, मी त्या वेळी देवाला काही मागितलंसुद्धा नाही. दोनदा उजवा देणारा देव तिसऱ्यांदा कशाला हात आखडेल? मी मनात खाट उचलून खिडकीशी ठेवत होते. कपड्यांचा दोर कुठे बांधायचा, पेजेचं पातेलं कुठे ठेवायचं, हे चाललं होतं.

डावा पडला.

दादा बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता चपला शोधत होता. “नाय म्हणता देव,” तो म्हणाला. “आता काय करतलंस? त्याच्या शब्दाभायर जावक येणा नाय.”

मी वाटभर रडले. लोकांसमोर रडायची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी पदरसुद्धा तोंडाला लावला नाही. घरी आल्यावर आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “देवाच्या मनात नाय तर कित्याक रडतंस?” ती म्हणाली. तिचा तो हात मला फार बरा वाटला. मी तिच्या उशीशी डोकं टेकून पडून राहिले, लहान पोरीसारखी.

दुसऱ्या दिवशी जनू गुरव आमच्याकडे आला. दादा दुकानावर होता, वहिनी नदीवर. मी परसात कोकमं फोडत बसले होते. मी त्याला चहा दिला. तो पायरीवर बसून बशीत फुंकर घालत राहिला. चहा कधीच निवला होता.

“बाय, राग धरू नको माझ्यार,” तो म्हणाला.

“तुमच्यार कित्याक? देवान दिलेलो कौल.”

“तां खरां. पण एकाच गाऱ्हाण्याक तीनदा कळे लावचे नसतत. माझ्या बापाशीन माका तसां शिकवलेलां नाय. एकदा उजवो पडलो की देवाचो शब्द झालो. मी म्हटलंय भालचंद्राक, तुझ्या दादाक, दुसऱ्यांदा इचारू नको. मानकरी तो, मी काय करतलंय?”

कोकमाच्या रसाने माझे हात लालभडक झाले होते. मी ते तसेच धरून बसले.

“एकाच गाऱ्हाण्याक?”

“मगे? तुझ्याच नोकरीचां ना तीनय वेळा. कालिंदीन रत्नागिरीक जावचां काय नाय.” मग माझं तोंड बघून त्याच्या लक्षात आलं आणि त्याने बशी खाली ठेवली. “तुका म्हायती नाय होता?”

तो उठून गेला. जाताना त्याने परसातून हात जोडले, मला की घराला, कळलं नाही.

मी हात न धुता दुकानावर गेले. दादा एका बाईला साबण देत होता. ती जाईपर्यंत मी दाराशी उभी राहिले. माझे हात बघून ती बाई “काय गो झालां?” म्हणाली, मी “कोकमां” म्हटलं.

ती गेल्यावर मी म्हटलं, “देवान दोनदा होय म्हटल्यान.”

दादाने तराजू पुसायला घेतला. मोठा सज्जन माणूस! खोटं बोलताना तो नेहमी काहीतरी पुसत असे. पण त्या दिवशी तो खोटं बोलला नाही.

“माका इचारू नको. आवशीक इचार.”

“आवशीक कित्याक? गाऱ्हाणां तू घातलंस.”

“घातलंय. मियां घातलंय. पण सांगलां कोणी? तुझ्याबरोबर मी रत्नागिरीक इलंय, पायाचे तुकडे पाडलंय. माका काय, तू गेलंस तर आवशीचां करूचां पडला नसतां. माझां चांगलांच होता त्याच्यात. जा, तिका इचार.”

मला त्याचं खरं वाटलं नाही. घरी जाईपर्यंत मी त्याच्यावरच चिडत होते. स्वतःचं पाप म्हातारीच्या गळ्यात घालतो, असं मनात म्हणत होते.

आई जागी होती. मी तिच्या खाटेशी उभी राहिले.

“आई, देवान दोनदा होय म्हटल्यान.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग आढ्याकडे. “जनू बोललो?”

“व्हय.”

“त्याच्या तोंडात तीळ भिजूचो नाय. त्याच्या बापाशीचाय तसांच.”

एवढंच. ना ती दचकली, ना तिने ‘कसला कौल’ म्हणून वेड पांघरलं. मी खाली बसले.

“तू सांगलंस दादाक?”

“मियांच सांगलंय. डावो पडेपर्यंत इचार म्हणान.”

“कित्याक गो?”

“चेडवाच्या घरात मराचां नसतां.” ती अगदी शांतपणे, मला भाताचं प्रमाण सांगावं तशी सांगत होती. “माझ्या आवशीन माका सांगलेलां. झील असताना लेकीच्या दारातसून तिरडी उठली तर लोक काय म्हणतत? झिलान भायर घातल्यान म्हणतत. आणि घर तरी तुझां खंय? त्या बायचां. माझ्या घोवाचां घर हंय आसा. मी हंयसूनच जातलंय.”

“मराच्या आधी हंय आणलंय असतंय तुका.”

“मरान काय सांगान येतां?”

“मग तसां माका सांगूचा होतां. तू नाय म्हटलंस असतंस तर मी एकटी गेलंय असतंय.”

“म्हणानच,” आई म्हणाली.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. तिला माझ्याबरोबर यायचं नव्हतं आणि मला जाऊही द्यायचं नव्हतं. मुलाच्या घरात राहायचं होतं आणि मुलीच्या हातचं खायचं होतं. दोन्ही तिला हवं होतं, आणि दोन्ही मिळायला माझी नोकरी तेवढी मध्ये येत होती.

“मगे खिडकी कित्याक इचारलंस? माका नेतलंस कशी म्हणान कित्याक इचारलंस?” माझा आवाज चिरकला. “माका कित्याक बोलूक दिलंस इतक्यां?”

“तू हौसेन सांगी होतंस.” इथे मात्र तिचे डोळे भरून आले. “मियां तुका ‘ऱ्हव’ कशी म्हणू? तुझां लगीन नाय झालां, तुका काय मिळाला नाय. एक गोष्ट मिळाली ती माझ्या तोंडान मोडू? माझ्या तोंडातसून येयना गो. म्हणान देवाक सांगलंय. देव म्हणालो की माणसाक वायट वाटना नाय.”

“दोनदा त्यान ऐकूक नाय तुझां.”

“तिसऱ्याक ऐकल्यान.”

मी उठले. आतल्या खोलीत जाऊन पिशवी काढली. दोन लुगडी घातली, साबण घातला, साठांचं पुडकं घातलं. रागातही मला बरं वाटत होतं, कारण प्रथमच सगळं माझ्या बाजूने होतं. देव माझ्या बाजूने होता. मोडत असतील तर ही मंडळी त्याचा शब्द मोडत होती, मी नव्हे. संध्याकाळची गाडी मिळाली असती.

“गो,” आईने बाहेरून हाक मारली. “माका कुशीर कर.”

तिला स्वतःला वळता येत नव्हतं. दर थोड्या वेळाने कोणीतरी कुशीवर करायला लागायचं. मी गेले. जायच्या आधी एवढं करायला काय हरकत होती? एक हात खांद्याखाली, एक हात कमरेखाली घालून मी तिला वळवलं आणि पाठीवरची चोळी सारखी करायला गेले.

कमरेच्या खाली कातडी गेली होती. लाल, ओलसर, तळहाताएवढी. दोन वर्षं मी तिला कुठे साधं खरचटू दिलं नव्हतं. रत्नागिरीला गेले ते दोन दिवस तिला कोणी वळवलं नव्हतं, आणि ओल्यातच ठेवलं होतं. परत आल्यावर मी घाईघाईने पुसून घेतलं होतं ते चिमणीच्या उजेडात, आणि तोंडाने अखंड खाडीचं वर्णन चालू होतं. त्यानंतर कौलाच्या नादात मी तिला चोळीवरूनच वळवत होते. मला दिसलंच नव्हतं.

“ह्यां दुखता?” मी विचारलं.

“थोडांसां.”

“बोललंस नाय ती?”

“तू हौसेन सांगी होतंस,” ती पुन्हा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी गेले असते.

मी हळद आणि खोबरेल गरम करून आणलं. लावताना तिने एकदाच ‘आई गं’ केलं. वहिनी नदीवरून आली, दारातून तिने बघितलं आणि नाकाला पदर लावून ती आत गेली. पिशवी आतल्या खोलीत तशीच भरलेली होती. तिन्हीसांजेला मी ती रिकामी केली. लुगडी पुन्हा दांडीवर टाकली.

दादा म्हणाला, “मी कार्ड टाकतंय आगाशांका. तू कित्याक जातंस?” पण सोमवारी मी स्वतः गेले. आईला पहाटे वळवलं, दुपारी वळवायची शपथ दादाला घातली आणि पहिली गाडी पकडली. आगाशे फाटकातच भेटले. मी जमत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “जागा मिळाली नाही का? मी बघू का एखादी?” मी म्हटलं, जागा मिळाली होती. “तुमच्यासारखं नाक असलेली बाई मिळत नाही हो,” एवढं म्हणून ते आत गेले.

खातूकाकूंनी खोली शेणाने सारवून ठेवली होती. खिडकीची अडकलेली झडप सुताराकडून नीट करून घेतली होती. भिंतीशी एक जुनं बाजलं आणून टाकलं होतं, त्याचं सुंभ नवीन होतं.

“आईला खाट लागेल ना,” त्या म्हणाल्या. “तुमची येईपर्यंत ही असू दे. सामान कुठाय गो? मागच्या गाडीत?”

“काकू, जमत नाही.”

“म्हणजे?”

मी तोंड उघडलं. माझ्या मनात अक्षरन्अक्षर तयार होतं. एस.टी.त मी तेच घोकत आले होते. माझ्या आईने मला फसवलं, हे मला कोणाला तरी एकदा सांगायचं होतं, आणि या परक्या बाईला सांगण्यासारखं दुसरं कोणी मला नव्हतं. पण ते नवीन सुंभाचं बाजलं समोर होतं. जी बाई आईला बघितल्याशिवाय तिच्यासाठी बाजलं विणून घेते, तिला ती आई कशी आहे हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

“देवाला कौल लावला,” मी म्हटलं. “देवाने नाही म्हटलं.”

काकू चिडल्या. मिरचीचे हात झाडत त्यांनी आमच्या देवाच्या नावाने बोटं मोडली. “मेल्याला दुसरं कोणी मिळालं नाही? पाषाणच शेवटी! त्याला काय माहीत बाईमाणसाचं?” त्या बोलत राहिल्या आणि मी खाली मान घालून ऐकत राहिले. देव बिचारा दोनदा हो म्हणाला होता.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. पाठीला पुन्हा कधी जखम झाली नाही. तिच्या मनासारखी तिची तिरडी मुलाच्या खळ्यातून उठली. दादाने खांदा दिला, वहिनीने सगळ्यांत मोठ्याने गळा काढला. बायका मला म्हणाल्या, पोटी लेक असावी तर अशी, आयुष्य ओवाळून टाकलं आईवरून. मी मान डोलावली. ओवाळून मी टाकलं नव्हतं, माझ्या हातून ते काढून घेतलं होतं, पण सुतकात असं बोलत नाहीत.

अजूनही कोणी विचारतं, कालिंदी, तुला एवढी चांगली नोकरी चालून आली होती, गेली का नाहीस? मी सांगते, देवाने डावा कौल दिला. लोक देवाला दोन शब्द बोलतात आणि गप्प होतात. बोलू देत. आईला कोणी एक शब्द बोललं तर मला ते अजून सोसणार नाही, आणि तिला क्षमा करणंही मला अजून जमलेलं नाही.